टाइप १ चं निदान झालंय, गाडी पुन्हा कधी हातात घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, पुण्यात नोकरी. तीन आठवड्यांपूर्वी शुगर प्रचंड वाढून किटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्लं साचणं) झाला, आयसीयूत राहावं लागलं आणि तिथेच टाइप १ डायबेटिस कळला. आता दिवसाला चार इंजेक्शनं आहेत. तीन जेवणांच्या वेळी जलद इन्सुलिन, रात्री एक लांब पल्ल्याचं. रोज धायरीहून हिंजवडीला स्कूटर, महिन्यातून एकदा कारने कोल्हापूरला घरी. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर "गाडी जपून चालवा" एवढंच म्हणाले आणि बाबा म्हणतात कार विकून टाक. गाडी कधीपासून चालवू, आरटीओला कळवावं लागतं का, आणि दूरचं धूसर दिसतंय ते कायमचं आहे का, हे तीन प्रश्न.

"जपून चालवा" हा सल्ला चुकीचा नाही, पण निरुपयोगी आहे. जपून तर तुम्ही आधीही चालवत असाल. अडचण वेगळीच आहे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाची शुगर चालत्या गाडीत खाली येऊ शकते, आणि ती खाली आली की सगळ्यात आधी मेंदूचा निर्णय घेणारा भाग मंदावतो. म्हणजे "मला बरं वाटत नाहीये, थांबायला हवं" हे ज्याने ओळखायचं, तोच झोपेला आलेला असतो. साधारण ७०च्या खाली (आकडे आपल्या मीटरवरचे, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) घाम, हाताला थरथर, छातीत धडधड, कडकडीत भूक अशा खुणा येतात. ५४च्या खाली विचारच गढुळतात. माणूस चिडतो, हट्ट करतो, "आता पंधरा मिनिटांत पोचतोच आहे" म्हणतो आणि तीच पंधरा मिनिटं महागात पडतात. म्हणून गाडी चालवायची की नाही हा निर्णय रस्त्यावर, अंगाला काय वाटतंय त्यावरून घ्यायचा नसतो. तो पार्किंगमध्ये, किल्ली लावण्याआधी, आकडा बघून घ्यायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी डोळ्यांचं, कारण ते लवकर निकालात निघतं. शुगर अनेक आठवडे चढलेली असताना डोळ्यातल्या भिंगात पाण्याचं प्रमाण बदलतं आणि भिंगाचा आकार जरा बदलतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर शुगर झपाट्याने उतरते, भिंगाला मात्र पूर्ववत व्हायला वेळ लागतो. त्यामुळे ॲडमिट होण्याआधीपेक्षा डिस्चार्जनंतरच जास्त धूसर दिसतं, आणि लोक घाबरून चष्म्याच्या दुकानात जातात. जाऊ नका. बहुतेकांचं काही आठवड्यांत स्थिरावतं. आज नंबर काढून केलेला चष्मा महिन्याभरात कपाटात पडेल. सहा आठवड्यांनंतरही धूसर असेल, किंवा एकाच डोळ्याला त्रास असेल, डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा जाळी दिसत असेल, तर वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर त्या दिवशी घरी रिक्षाने या.

तोवर स्वतःची परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग आहे. लायसन्सच्या अर्जात दृष्टीबद्दल जे विचारलेलं असतं ते हेच, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीपासून तेहतीस-चौतीस साधी पावलं मोजत मागे या, साधारण तेवढंच अंतर होतं. एक डोळा झाकून वाचा, मग दुसरा. सकाळी जमलं तर संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा करा, कारण समोरून येणाऱ्या हेडलाइटभोवती वलयं दिसत असतील तर दिवसाची पास परीक्षा रात्री कामाची नाही. एक दिवस वाचता आलं आणि दुसऱ्या दिवशी नाही, असंही सुरुवातीला होतं. सलग आठवडाभर जमायला हवं.

आता "कधीपासून". तारीख कुणी देऊ शकत नाही आणि कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. काहींचं दोन-तीन आठवड्यांत जमतं, काहींना दोन महिने लागतात. मी ज्या गोष्टी बघतो त्या अशा. नजर स्थिर झालेली असावी. रोज किमान चार वेळा शुगर तपासून तिची नोंद दोन आठवडे झालेली असावी. त्या दोन आठवड्यांत ५४च्या खाली आकडा नसावा आणि दुसऱ्याने हात धरून साखर भरवावी लागली असा प्रसंग तर मुळीच नसावा. आणखी एक गोष्ट, जी वाचून लोकांना आश्चर्य वाटतं: एखादा हलका हायपो (शुगर ७०च्या खाली जाणं) येऊन गेलेला असेल आणि तो तुम्ही स्वतः ओळखून, स्वतः साखर खाऊन, स्वतः पुन्हा तपासून सावरला असेल, तर मला जास्त भरवसा वाटतो. ज्याला आपला हायपो कसा असतो हे ठाऊकच नाही, त्याची पहिली ओळख वाकडच्या पुलावर व्हायला नको.

तुमच्या या काळाला एक खास धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना जरा विसावा मिळतो आणि त्या थोडे दिवस पुन्हा काम करू लागतात. याला सगळे हनिमून फेज म्हणतात. काही आठवड्यांत सुरू होते आणि काही महिने, क्वचित वर्षभरही टिकते. या काळात इन्सुलिनची गरज घटते. दवाखान्यातून निघताना जेवणाआधी ८ युनिट लिहून दिलेले असतील, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच ८ युनिट जास्त होऊ शकतात. डोस तोच, जेवण तेच, आणि शुगर मात्र रोज जेवणानंतर दोन-तीन तासांनी ७५, ६८, ७१ अशी येऊ लागते. असे आकडे दिसले की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या. डोस बदलत असलेल्या आठवड्यात लांबची गाडी चालवू नका. रोज डोस वर-खाली होत असताना कालच्या अनुभवावरून आजचा अंदाज बांधता येत नाही.

या काळात उलटंही होतं. शरीराला महिनोन्महिने ३००-४०० ची सवय झालेली असते, त्यामुळे १२० लाच घाम आणि थरथर सुरू होते. हा खरा हायपो नाही. पण न तपासता प्रत्येक वेळी साखर खात गेलात तर शुगर चढीच राहील, आणि न तपासता दुर्लक्ष करायची सवय लागली तर खरा हायपो निसटेल. म्हणून वाटलं की तपासायचं.

आकड्यांचा नियम. भारतात इन्सुलिनवरच्या चालकांसाठी शुगरचा असा आकडा कुठल्या नियमात ठरवून दिलेला नाही, म्हणून मी ब्रिटनमधले आकडे वापरतो, तिथे ते लायसन्सच्या नियमांशीच जोडलेले आहेत. तिथलं घोषवाक्य आहे 'फाइव्ह टु ड्राइव्ह'. त्यांचे पाच म्हणजे ५ मिलिमोल, आपल्या मीटरवरचे ९०. (मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. तिकडच्या नातेवाइकांनी "माझी शुगर सात आहे" म्हटलं की इथे घरात धांदल उडते, म्हणून सांगितलं.) ९० किंवा वर असेल तर निघा. ७० ते ९० असेल तर आधी काही खा, एक लहान केळं किंवा तीन-चार मारी बिस्किटं, मग पुन्हा तपासा आणि ९०च्या वर आल्यावर निघा. ७०च्या खाली असेल तर तो हायपो आहे, आधी त्यावर उपचार, गाडी नंतर. तपासणी निघण्याच्या जास्तीत जास्त दोन तास आधीची चालते असं तिथला नियम म्हणतो आणि पुढे प्रवासात दर दोन तासांनी. तुमच्यासारख्या नव्या माणसाला मी निघण्याच्या दहा मिनिटं आधीचीच मागतो.

पण ९० हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. ग्लुकोमीटर फोटो काढतो, व्हिडिओ नाही. एक सकाळ घेऊ. आठ वाजता तुम्ही ६ युनिट घेऊन दोन वाट्या पोहे खाल्ले. साडेनऊला १६५. सव्वादहाला निघायच्या वेळी ११८. ११८ दिसायला छान आहे, पण पाऊण तासात ४७ ने उतरलेला ११८ आहे, आणि जलद इन्सुलिनचा जोर साधारण एक ते दोन तासांनी सर्वांत जास्त असतो, एकूण तीन ते पाच तास चालतो. म्हणजे निघताना अजून बरंच इन्सुलिन अंगात शिल्लक आहे. तुम्हाला चांदणी चौकात अर्धा तास अडकायचं आहे. हाच उतार चालू राहिला तर अकराला सत्तरीच्या घरात असाल. अशा ११८ ला मी खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. १०-१५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), म्हणजे तेच केळं, आणि मग गाडी. उलट दुपारी चार वाजता, जेवणाला साडेतीन तास होऊन गेलेले, तासापूर्वी ११२ आणि आता १०८ असेल तर बिनधास्त निघा. आकडा विचारताना सोबत तीन प्रश्न विचारा. शेवटचं जलद इन्सुलिन कधी घेतलं? त्यानंतर पोटभर खाल्लं का? आणि गेल्या काही तासांत अंगमेहनत झाली का? जिम, फुटबॉल, घर बदलताना सामान उचलणं हे सगळं त्यात आलं. भरपूर व्यायामाचा परिणाम त्या संध्याकाळपुरता नसतो, रात्रभर आणि दुसऱ्या सकाळपर्यंतही शुगर खाली ओढली जाते. रविवारी संध्याकाळी दोन तास फुटबॉल खेळलात तर सोमवारी सकाळचा आकडा जास्त काळजीने बघा.

इन्सुलिनच्या वेळेबद्दल एक कडक सूचना. इंजेक्शन आणि जेवण यांच्यामध्ये गाडी कधीही येऊ द्यायची नाही. घरी टोचून घेतलं, "ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खातो" म्हणून निघालो, आणि वाटेत ट्रॅफिक, ही हायपोची हमखास कृती आहे. जे लोक जुन्या पद्धतीचं रेग्युलर किंवा ३०/७० मिक्स घेतात त्यांना तर जेवणाआधी अर्धा तास टोचायला सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यांचा धोका आणखी मोठा, आणि त्यांचं इन्सुलिन लांबवर पुरतं, रेग्युलरचा जोरच दोन ते चार तासांनी येतो. तुमचं जलद ॲनालॉग, म्हणजे नव्या प्रकारचं, आहे, तेव्हा ताट समोर आल्यावरच इन्सुलिनचं पेन काढा. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर नाही, ताट आल्यावर. तसंच निघण्याच्या आधीच्या दोन तासांत जास्तीचा 'करेक्शन' डोस घेऊ नका. २१० दिसले म्हणून ३ युनिट मारले, आधीच्या ६ युनिटांपैकी काही अजून अंगातच आहेत, आणि दोन्ही मिळून भर रस्त्यात काम करतात. २१० वर गाडी चालवता येते. ५५ वर येत नाही.

उपवासाच्या दिवशी, चतुर्थी असो की नवरात्र, रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन चालू राहतं, पण जे जेवण वगळलं त्याचं जलद इन्सुलिनही वगळायचं असतं. साबुदाण्याच्या खिचडीत कार्ब भरपूर असतात, तेव्हा ती खाल्ली तर इन्सुलिन लागतंच, किती ते डॉक्टरांशी आधी ठरवा. आणि दारू. प्यायल्यावर गाडी नाही हे सगळ्यांनाच लागू आहे, तुम्हाला दुसऱ्या दिवशीची सकाळही लागू आहे. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतलेलं असताना रक्तात साखर सोडण्याचं काम मागे पडतं. त्यामुळे रात्रीची पार्टी पहाटेच्या हायपोत निघते. सकाळी तपासल्याशिवाय किल्लीला हात नको.

स्कूटरबद्दल मी कारपेक्षा जास्त कडक आहे. कारमध्ये गोंधळलेल्या माणसाला निदान चार चाकांचा आधार असतो. दुचाकीवर तोल हेच सगळं, आणि तोल मेंदू सांभाळतो. शिवाय खुणा लपतात. एप्रिलच्या उन्हात हेल्मेटच्या आत घाम आलाच आहे, त्यात हायपोचा घाम वेगळा कसा ओळखणार? हँडलच्या थरथरीत हाताची थरथर कळत नाही. हिंजवडीचा तासाभराचा रस्ता पावसात दोन तासांचा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पहिला महिना कंपनीच्या बसने जा. मग रविवारी सकाळी, तपासून, घराजवळच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या मारा. गेल्यावर तपासा, आल्यावर तपासा, आणि दोन्ही आकडे लिहा. दहा-बारा फेऱ्यांत तुम्हाला कळेल की गाडी चालवताना तुमची शुगर किती हलते. मग ऑफिस.

साखर कुठे ठेवायची यावर माणसं विचारच करत नाहीत. स्कूटरच्या डिकीत नाही, कारण हात थरथरत असताना सीटखालचं कुलूप उघडणं हे काम आहे. जॅकेटच्या किंवा शर्टाच्या पुढच्या खिशात. कारमध्ये मागच्या सीटवरच्या बॅगेत नाही, ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात. आणि काय ठेवायचं? ग्लुकोजच्या गोळ्या सगळ्यात सोयीच्या, एका गोळीत किती ग्रॅम ते पाकिटावर असतं, १५ ग्रॅमचा हिशेब करून घ्या. नाहीतर फळांच्या रसाचा छोटा टेट्रापॅक, त्यावरही साखर किती ते छापलेलं असतं. ग्लुकोज पावडर स्वस्त आणि उत्तम, तीन चहाचे चमचे, पण पावसाळ्यात पुडीतली पावडर दमट होऊन दगड होते. घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा आणि महिन्यातून एकदा हलवून बघा. चॉकलेट, पेढा, लाडू, क्रीमची बिस्किटं यांनी हायपो उतरवू नका. त्यांच्यातल्या तूप-चरबीमुळे साखर पोटातून सावकाश रक्तात जाते आणि तुम्हाला इथे घाई आहे. 'झिरो' किंवा 'डाएट' लिहिलेली बाटली तर रिकामीच समजा.

चालवताना शंका आली तर क्रम असा ठेवा. इंडिकेटर, डावीकडे, थांबा. साखर शोधत चालवत राहू नका, अपघात त्या चाचपडण्यात होतो. हायवेवर मिनिटभरात पेट्रोलपंप किंवा सर्व्हिस रोड येत असेल तर तिथे, नाहीतर कडेला पूर्ण उतरून धोक्याचे चारही दिवे लावा. इंजिन बंद, किल्ली काढा, आणि ती वरच्या खिशात न ठेवता मागच्या सीटवर टाका. जमलं तर स्वतः डावीकडच्या सीटवर सरका. हे अतिरेकी वाटेल, पण लो असलेला मेंदू दोन मिनिटांत "झालं बरं" म्हणून पुन्हा गाडी सुरू करतो, त्याला अडवायला ही योजना आहे. आता बोट टोचा. मीटर हाताशी नसेल तर तपासत बसू नका, सरळ १५ ग्रॅम साखर. पंधरा मिनिटांनी तपासा. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. वर आल्यावर टिकणारं काही खा, पोळीचा रोल, बिस्किटं, इडली. मग आकडा ९०च्या वर स्थिरावल्यापासून ४५ मिनिटं थांबा. रक्तातली साखर पंधरा मिनिटांत सुधारते, पण मेंदूचा वेग आणि नजर-हाताचा मेळ मागून येतो. बरं वाटू लागतं त्याच्या नंतर. एकूण तास-सव्वा तास जातो. ऑफिसला फोन करून "उशीर होईल" सांगा, ते वाक्य आधीच पाठ असू द्या.

बोट टोचण्याआधी हात धुवा. आंबा किंवा संत्रं सोललेल्या बोटावर ६० चे १६० दिसू शकतात. नळ जवळ नसेल तर बाटलीतल्या पाण्याने ओला केलेला रुमाल, मग बोट कोरडं करा, आणि पहिला थेंब पुसून दुसऱ्यावर तपासा.

दंडाला सेन्सर लावला असेल तर फारच सोयीचं, पण त्याची मर्यादा माहीत हवी. तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. शुगर पडत असताना खरा आकडा स्क्रीनवरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून बाण बघा. सरळ खाली जाणारा बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त घट. स्क्रीनवर १२० आणि बाण खाली, तर वीस मिनिटांत तुम्ही ८० च्या खाली. त्या १२० वर निघायचं नाही. गाडीच्या दिवसांत 'लो'चा अलार्म ७० ऐवजी ९० वर लावा. नव्या सेन्सरच्या पहिल्या दिवशी आकडे जरा बेभरवशाचे असतात, त्या दिवशी मीटरच वापरा. अंगाला वाटतंय ते आणि स्क्रीन जुळत नसेल तेव्हाही मीटरच. आणि सिग्नलला उभं राहून मोबाइल बाहेर काढून बघणं बंद. आवाज ऐकायची सोय करा आणि आवाज आला की थांबा.

कोल्हापूरचा प्रवास साधारण २३० किलोमीटरचा. पहिल्या दोन खेपा दुसऱ्याला चालवू द्या आणि तुम्ही बाजूला बसून तपासत राहा, कारण बसून राहिलेल्या चार-पाच तासांत तुमची शुगर काय करते हे कळायला तोच उत्तम मार्ग आहे. नंतर एकटे निघालात तर थांबे आधीच ठरवा. नाश्ता झाल्यावर दोन-अडीच तासांनी निघा, तोवर इन्सुलिनचा जोर ओसरायला लागलेला असतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर तपासायचं नाही, तिथे तुम्ही आत्ताच घरून निघालेले असता. पहिला थांबा खंबाटकी घाटाच्या आधी, शिरवळच्या बाजूला. घाटात कडेला थांबायला जागा नसते, म्हणून घाट चढण्याआधीचा आकडा १२० च्या वर आणि खाली जात नसलेला असावा. दुसरा थांबा सातारा ओलांडल्यावर, तिसरा कराडच्या पुढे. प्रत्येक ठिकाणी तपासणी, आणि आठवण राहत नसेल तर फोनला दर दीड तासाचा गजर. जेवण घ्यायचं तर कराडला घ्या, टोचून, पोटभर जेवून, मग किमान अर्धा-पाऊण तास तिथेच बसा आणि निघण्याआधी पुन्हा आकडा बघा. जेवणाचं इन्सुलिन नवं-नवं अंगात असतानाचा पहिला तास स्टिअरिंगवर नको, असं मला वाटतं. काही डॉक्टर एवढे कडक नसतात.

जास्त शुगरचं थोडक्यात. ३०० च्या वर असेल तर लघवीतले किटोन तपासा, पट्टी मेडिकलमध्ये मिळते. किटोन असतील, मळमळ किंवा पोटदुखी असेल, श्वास जोरात चालला असेल, तर गाडी नाही आणि ऑफिसही नाही, दवाखाना. तेही दुसऱ्या कुणाच्या गाडीतून. तुम्ही एकदा यातून गेलेले आहात.

पार्क केलेल्या कारमध्ये पेन आणि स्ट्रिप्स विसरू नका. उन्हात उभ्या कारचं तापमान इन्सुलिनला झेपणारं नसतं. उघडलेलं पेन बहुधा ३० अंशांखाली, साधारण २८ दिवस टिकतं, आपल्या पेनच्या कागदावर जे लिहिलंय ते पाळा. इथे एक फसवी साखळी आहे. तापलेल्या पेनातलं इन्सुलिन मंदावतं, शुगर चढते, तुम्ही किंवा डॉक्टर डोस वाढवता, आठवड्याने नवं ताजं पेन उघडता, आणि वाढवलेला तोच डोस ताज्या इन्सुलिनने घेतल्यावर शुगर धाडकन कोसळते. कारण नसताना शुगर चढली तर डोसच्या आधी पेनवर संशय घ्या. स्ट्रिप्सही उन्हाने बिघडतात, डबीचं झाकण घट्ट लावून त्या बॅगेत, सोबत.

आरटीओ. भारतात फक्त टाइप १ झाला म्हणून तुमचं साधं लायसन्स रद्द होत नाही. लायसन्ससाठीच्या फॉर्म १ मध्ये डायबेटिसचं नाव नाही, पण अपस्मार किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं यांबद्दल थेट प्रश्न आहे, आणि गाडी चालवणं लोकांना धोकादायक ठरेल असा दुसरा काही आजार आहे का, हेही विचारलेलं आहे. वारंवार बेशुद्ध होणारे हायपो येत असतील तर तिथे "नाही" लिहिणं खोटं ठरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८६ आहे: ज्या आजारामुळे आपलं चालवणं धोक्याचं ठरेल हे ठाऊक असूनही चालवलं तर दंड, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० रुपये, पुढच्या वेळी २,०००. रक्कम लहान आहे, पण अपघातानंतर "ठाऊक असूनही" हे शब्द मोठे होतात. तुमची तपासणीची वही आणि मीटरची मेमरी हाच तुमचा पुरावा. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला कुठल्याही वयात डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १-अ, लागतं, तिथे आजार लपवू नका. हे वाचणारं कुणी ब्रिटनमध्ये असेल तर तिथे गोष्ट वेगळी आहे, इन्सुलिन सुरू झाल्यावर डीव्हीएलएला (तिथलं लायसन्सचं खातं) कळवणं बंधनकारक आहे आणि लायसन्स एक, दोन किंवा तीन वर्षांचं मिळतं.

पाकिटात, लायसन्सच्याच कप्प्यात, एक कार्ड ठेवा: "मला टाइप १ डायबेटिस आहे. मी गोंधळलेला दिसलो तर मला साखर द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा." मराठीत आणि इंग्रजीत. हायपोतला माणूस प्यायलेला वाटतो, पोलिसांनाही आणि रस्त्यावरच्या लोकांनाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे. ते श्वासनलिकेत जातं.

राहिले बाबा. त्यांना पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्या आणि डायबेटिस एज्युकेटरकडून त्यांना दोन गोष्टी शिकवून घ्या, मीटर वापरणं आणि ग्लुकॅगॉनचं (बेशुद्ध झाल्यास शुगर वर आणणारं) इंजेक्शन देणं. ते मिळवायचं कसं तेही तिथेच विचारा, प्रत्येक दुकानात नसतं. मग पहिल्या कोल्हापूर खेपेला गाडी त्यांना चालवू द्या आणि मीटर तुम्ही धरा. कार विकायची की नाही हे परत येताना, दोघांनी वहीतले आकडे बघून ठरवा.